ताई-सूनबाई शेजारी शेजारी

ज्या घरात दोन बायका एकमेकींशी बोलत नाहीत, त्या घरातील पुरुषांना दुप्पट बोलावे लागते; आणि दादांचा घसा तर रंगाईखान्याच्या वाफेने आधीच बसलेला होता. म्हणून त्या सकाळी दाढीचा फेस गालावर तसाच ठेवून दादांनी मनाशी निश्चय केला, की काही झाले तरी आज ताई आणि सूनबाई यांचा अबोला सुटलाच पाहिजे.

निश्चयामागील कारण केवळ मायेचे नव्हते. ताई म्हणजे दादांच्या भगिनी. त्यांची कन्या, जिला अवघे घर छकुली म्हणून संबोधत असे, ती कारखाना-सुरक्षा कार्यालयात निरीक्षकपदी आरूढ झाली होती आणि तिची बदली नेमकी मामाच्याच विभागात झाली होती. रंगाईखान्याचा परवाना संपत आला होता. छकुलीने तपासणी करून शेरा दिला तर परवाना, परवाना मिळाला तर हौदात पाणी, आणि हौदात पाणी असले तरच वडिलांच्या मागे दादांना मालक म्हणण्यात काही अर्थ! दादांनी यावर पुष्कळ चिंतन केले होते. छकुलीचा शेरा तिच्या आईच्या मनावर अवलंबून, आईचे मन सूनबाईंच्या वागण्यावर अवलंबून. सबब तपासणीच्या दिवशीच ताईंना सहकुटुंब जेवावयास बोलावून दोघींना शेजारी शेजारी बसवावे, असा त्यांनी बेत रचला.

"अहो, वन्सं येणार म्हणजे मी हसायचं का?" सूनबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले. दादांच्या या सहधर्मचारिणीस कैलासवासी तीर्थरूप 'सूनबाई' अशी हाक मारीत, ती हाक पुढे साऱ्या घराने आणि कारखान्याने उचलली. खुद्द दादाही चारचौघांत तेच म्हणत.

"थोडं हस."

"किती?"

"ती आधी हसली तर तेवढंच. नाही हसली तर निम्मं."

"आणि शालीचा विषय काढला तर?"

दादांनी वस्तरा खाली ठेवला. ताईंची जांभळी शाल सूनबाईंच्या हातून धुताना पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. ताईंचे म्हणणे, हे मुद्दाम केले. सूनबाईंचे म्हणणे, मुद्दाम करायचे असते तर एकसारखे पांढरे केले असते, ठिपके कशाला ठेवले असते? या उत्तराने प्रकरण मिटण्याऐवजी पेटले आणि तेव्हापासून ताईंनी माहेरचा जिना चढला नव्हता.

"शालीचा विषय काढला तर तू वाढायला ऊठ," दादा म्हणाले.

घर वरच्या मजल्यावर आणि रंगाईखाना खाली. दादा जिना उतरून खाली आले तेव्हा कापड पिळण्याचे यंत्र घरघरत होते, हौदांत रुग्णालयाच्या पडद्यांचे हिरवे कापड अर्धवट रंगून पडले होते, आणि म्हातारा मुकादम बांबूने ते खालीवर करीत होता.

या ठिकाणी एका कौटुंबिक गुपिताचे स्मरण ठेवणे इष्ट आहे. तीर्थरूपांना आपली रंगाची कृती दुसऱ्या रंगाऱ्यांच्या कानी जाण्याचे अतोनात भय होते. म्हणून त्यांनी कोठीतील प्रत्येक औषधाला घरातील एकेका माणसाचे नाव ठेविले होते. मिठाचे ऍसिड म्हणजे ताई, कारण हात लावील त्याला चटका. ब्लीच म्हणजे सूनबाई, कारण समोर कोणताही रंग टिकू देत नाही. हायड्रो नावाची जी पांढरी पूड, ती म्हणजे धाकटा, कारण दोन थेंब लागले की पेटतो. कापड मऊ करण्याचा द्राव म्हणजे जावई. नुसता धुण्याचा सोडा, ज्याच्याने कुणाचे वाईट होत नाही आणि जो कुठेही टाकता येतो, तो थोरला, अर्थात दादा. कॅनांवर खडूने हीच नावे लिहिलेली असत. नोकरी सोडून गेलेला कामगार शत्रूच्या गोटात जाऊन "आधी सूनबाईला पाण्यात सोडा, मग वाटीभर ताई घाला" एवढेच सांगू शके आणि शत्रू त्याला वेडा समजून हाकलून देई. तीर्थरूप गेले, परंतु नावे राहिली. आणि ती इतकी अंगवळणी पडली, की त्यांत काही विनोद आहे हे दादांना जाणवतच नसे.

"मुकादम!" यंत्राच्या वर आवाज चढवून दादा ओरडले. "आज ताई आणि सूनबाई शेजारी शेजारी पाहिजेत!"

मुकादमाने बांबू थांबवला. "कोण?"

"ताई! सूनबाई! एकमेकींना चिकटून!"

मुकादमाचा चेहरा उतरला. "दादा, थोरल्या मालकांनी दोघींना जन्मभर दोन टोकांना ठेवलं."

"ठेवलं, म्हणून तर हे दिवस आले."

"एकीचा वारा दुसरीला लागू देऊ नका, म्हणायचे."

"तो त्यांचा काळ होता. किती दिवस हे असं चालवायचं? लोक हसतात."

"मग मध्ये जावईबापूंना ठेवू का? तेवढाच आडोसा."

"नको. त्यांचा काय उपयोग? ते कुणाला अडवत नाहीत. घसरतात."

"ते खरं." मुकादमाने कपाळ पुसले. "पण धूर निघाला तर?"

"निघू दे!" दादांना स्फुरण चढले. "आतल्या आत धुमसण्यापेक्षा एकदाचा निघालेला बरा. फक्त दार लावून घे. बाहेर बोभाटा नको."

"आणि धाकट्याचं काय करू?"

"धाकट्याला कोरडा ठेव. आज एक थेंब लागता कामा नये."

"ते तर रोजचंच आहे," मुकादम म्हणाला आणि मान हलवीत कोठीकडे गेला. दादांच्या डोक्यात त्या क्षणी केवळ माणसे होती, मुकादमाच्या डोक्यात केवळ कॅन. आणि शब्द मात्र दोघांचे तंतोतंत जुळत होते. जगातील कित्येक अनर्थ असेच पूर्ण एकमताने घडत असतात.

पाहुणे आले. सर्वांत पुढे ताई, मागे त्यांचे यजमान जावईबापू, आणि त्यांच्या मागे डोक्यावर कडक टोपी, पायांत गुडघ्यापर्यंत बूट आणि खांद्यावर मुखवट्याची पेटी अडकवलेली छकुली. दादांचे धाकटे बंधू, ज्यांना सारे धाकटे म्हणत, तेही बातमी लागताच शर्टाची बटणे लावीत अवतीर्ण झाले.

"थोरल्या, वाळलास रे," ताई म्हणाल्या. "घरात कुणी बघत नाही का तुझ्याकडे?"

जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या सूनबाईंनी तयार ठेवलेले हसू निम्म्यावर आणले.

"ये ताई, ये," दादा घाईने म्हणाले. "वर चल. आधी जेवून घेऊ. ताटं मांडलीत."

"मामा, आधी तपासणी," छकुली म्हणाली.

"अगं छकुले, गरम आहे तोवर..."

"मामा, आवारात असताना मला निरीक्षक म्हणायचं."

"बरं. निरीक्षक छकुले, गरम आहे तोवर दोन घास खाऊन घे."

कामगारांत खसखस पिकली. छकुलीचे कान लाल झाले. "हे माझं आजोळ आहे, असं मी कार्यालयात लेखी कळवलं होतं. म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब म्हणाले, दुसरं कुणी नाही. आणि आजोळ असेल तर तुला सगळे कोपरे ठाऊक असतील. शेरा ते स्वतः तपासून बघणार आहेत. तेव्हा माझ्याकडून काडीची सवलत मिळणार नाही."

"शाब्बास!" धाकटे म्हणाले. दादांचे नुकसान होणार असेल तर धाकट्यांना तत्त्वनिष्ठा फार प्रिय असे. "कायदा म्हणजे कायदा. मी दादाला कधीचा सांगतोय."

"अगदी बरोबर," जावईबापू म्हणाले.

"पण जेवणही महत्त्वाचंच," दादा म्हणाले.

"तेही अगदी बरोबर," जावईबापू म्हणाले.

मिरवणूक हौदांपाशी आली. छकुलीने कामगारांचे हात पाहिले आणि हातमोजे कुठे आहेत असे विचारले. हातमोजे आहेत, परंतु खराब होऊ नयेत म्हणून कपाटात ठेवले आहेत, असे दादांनी अभिमानाने सांगितले. तिने ते लिहून घेतले. मग रंग कालवण्याच्या ओट्यावर मांडलेल्या लहान कॅनांकडे तिचे लक्ष गेले. तिने वाकून पहिल्या कॅनावरचा खडू वाचला.

"ताई."

"काय गं?" ताई म्हणाल्या.

"तू नाही, आई. कॅनावर लिहिलंय." ती पुढे सरकली. "सूनबाई. धाकटा. जावई. मामा, हे काय आहे?"

या नावांचा अर्थ स्त्रियांच्या कानी कधी जाऊ नये, असा तीर्थरूपांचा दंडक होता. "ती... घरच्या माणसांची आठवण म्हणून..."

"आठवण?" छकुलीने पहिल्या कॅनाचे झाकण सैल केले, दुरूनच हाताने वारा घेतला आणि झाकण लगेच घट्ट लावले. "हे ऍसिड आहे."

"कुठलं?" ताईंनी विचारले.

जावईबापूंनी आपल्या स्वभावानुसार कॅनाकडे बघितले, मग पत्नीकडे बघितले, आणि समजुतीने मान हलविली.

"मी ऍसिड?" ताईंचा आवाज यंत्राच्या वर गेला. "माझ्या बापानं मला ऍसिड म्हटलं?"

"ताई, कौतुकानं गं," दादा काकुळतीने म्हणाले. "तुझ्याशिवाय एकही डाग निघत नाही!"

"आणि मी?" सूनबाई केव्हाच खाली आल्या होत्या. त्यांच्या मुद्रेवर आशेची छटा होती, कारण लग्न होऊन आल्यापासून खालून दिवसभर "सूनबाई आणा, सूनबाई संपली, सूनबाईशिवाय अडलं" असे ऐकून कामगारांच्या मनात आपल्याविषयी केवढा आदर आहे, असे त्या माहेरी सांगत आल्या होत्या. "मी कोण आहे?"

"ब्लीच," छकुली म्हणाली.

सूनबाई ओट्याच्या कडेला टेकल्या. "म्हणजे माझी आठवण कुणी काढतच नव्हतं?"

"काढत होते ना," दादा म्हणाले. "पिंपातून."

"हे भलतंच झोंबणारं आहे," धाकटे गंभीरपणे म्हणाले, आणि मग त्यांना आपला कॅन दिसला. "माझ्यात काय आहे?"

"हायड्रो," मुकादमाने सांगितले. "ओल लागली की भडकतो."

यावर कामगारांपैकी जो मोठ्याने हसला, तो कोण हे अद्याप कळलेले नाही. धाकटे बाह्या सरसावून पुढे आले आणि त्यायोगे तीर्थरूपांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते हे सिद्ध झाले. जावईबापूंनी मात्र आपला द्राव बोटाने चाचपून पाहिला. "मऊ आहे," ते समाधानाने म्हणाले.

"हसण्यावारी नेऊ नका," छकुलीने सर्वांना गप्प केले. "कायदा सांगतो, प्रत्येक भांड्यावर आतल्या वस्तूचं खरं नाव पाहिजे, धोका काय ते पाहिजे. उद्या एखादा नवा माणूस आला, त्यानं 'ताई' वाचून काय समजायचं?"

"नवा माणूस येऊ दे, मीच समजावते," ताई म्हणाल्या. त्यांनी दादांकडे असे पाहिले, की दादांना नाव ठेवण्यामागील तीर्थरूपांचा हेतू पुन्हा एकदा पटला.

वातावरण निवळावे म्हणून मुकादम सद्भावनेने पुढे झाला. "ताईसाहेब, राग सोडा. जुनं झालं ते. आज तर दादांनी दोघींना शेजारी शेजारी ठेवायला लावलंय. अगदी चिकटून ठेवल्यात."

छकुली गर्रकन वळली. "कुणाला?"

"ताईंना आणि सूनबाईंना."

"कुठं?"

"कोठीत. दार लावून घेतलंय. दादा म्हणाले, धूर निघाला तर निघू दे."

त्या क्षणी दादांना सकाळचे आपले प्रत्येक वाक्य, एकामागून एक, दुसऱ्या अर्थाने ऐकू आले. "अरे, मी बसायला सांगितलं होतं," ते पुटपुटले. "जेवायला. ताटावर."

छकुली त्यांचे ऐकण्यास थांबली नव्हती. तिने शिटी फुंकली. "सगळे बाहेर! रस्त्यावर, वारा येतोय त्या बाजूला! यंत्र बंद करा. वर कुणी आहे का? कुणी काही उचलायला मागं वळायचं नाही!"

या घराण्यात आजवर कोणतीही गोष्ट एकमुखाने झाली नव्हती, परंतु रस्त्यावर धावणे मात्र झाले. धाकटे सर्वांच्या पुढे होते. दादा दरवाज्यापाशी थबकले, तो सूनबाईंनी त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू धरून त्यांना ओढीत नेले.

छकुलीने मुखवटा चढविला, हातमोजे घातले, मुकादमालाही तसेच सजवून दरवाज्याशी उभे केले आणि कोठीचे दार दुरून काठीने ढकलले. उग्र वासाची एक झुळूक बाहेर आली. आत ऍसिडच्या मोठ्या कॅनाची तोटी ठिबकत होती आणि ओघळ ब्लीचच्या कॅनाखाली सांडलेल्या ओलीकडे निघाला होता. त्याचे टोक नुकतेच तिथवर पोहोचले होते. तिने तोटी आवळली, ब्लीचचा कॅन दूर सरकवला आणि ओरडली, "सोडा! धुण्याचा सोडा आहे का?"

मुकादमाने रस्त्याकडे तोंड करून, मुखवट्यातून जितका निघाला तितका आवाज काढला. "थोरला टाका! लवकर! आत थोरला टाका!"

सर्वांनी दादांकडे पाहिले.

"टाका," ताई म्हणाल्या.

"मी नाही अडवणार," सूनबाई म्हणाल्या.

दादा खरोखरच एक पाऊल पुढे सरले. आपल्या हातून जो प्रमाद घडला त्याचे हेच प्रायश्चित्त असावे, असे त्यांना वाटले. सुदैवाने यंत्रावरच्या कामगाराने व्हरांड्यात ठेवलेले सोड्याचे पोते दरवाज्यापर्यंत नेऊन दिले. मुकादमाने घमेली भरभरून ओघळावर सोडा टाकला, तो फसफसला, आणि मग गप्प झाला. खिडक्या उघडल्या गेल्या. छकुलीने बाहेर येऊन मुखवटा काढला तेव्हा तिच्या गालांवर त्याचे वळ उठले होते.

"कुणाला खोकला? डोळ्यांची आग? नाही ना?" तिने प्रत्येकाच्या तोंडासमोर जाऊन खात्री केली. मग ती दादांसमोर उभी राहिली. "मामा, आणखी थोडा वेळ गेला असता, तर त्या बंद खोलीत विषारी वायू भरला असता आणि दार उघडणारा पहिला माणूस तिथंच पडला असता. मला लिहावं लागेल. हे कुणी सांगितलं?"

मुकादम रस्त्याकडेच्या बांधावर बसला होता. त्याने वर पाहिले नाही.

"मुकादमावर ढकल," धाकटे दादांच्या कानाशी लागले. "म्हण, म्हातारा झालाय, घोटाळा झाला. मालकानं सांगितलं असं लिहिलं तर कारखाना बंद करतील."

"कामगाराची चूक असेल तर प्रशिक्षणावर भागतं म्हणे," जावईबापू दुसऱ्या कानाशी म्हणाले.

"हिरवं कापड हौदात आहे, दादा. संध्याकाळपर्यंत उपसलं नाही तर डाग पडतील. रुग्णालयाचं काम गेलं तर मग काय राहिलं?" धाकटे पुन्हा म्हणाले.

दादांनी हौदांकडे पाहिले. खरोखर, काय राहिले असते? वडिलांनी हाताने बांधलेले हौद, दरवाज्यावरची पाटी, कामगारांची घरे, सारे त्या एका उत्तरावर टांगलेले होते. मग त्यांनी मुकादमाकडे पाहिले. तो आपल्या तळहातांवरचा सोडा एकाग्रतेने झाडीत होता, जणू त्यावरून कोणाचा दोष ते ठरणार होते.

"मी सांगितलं," दादा म्हणाले. घसा बसलेला असल्याने त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावे लागले. "मी माणसं समजून बोललो, त्यानं कॅन समजून ऐकलं. त्यानं मला दोनदा हटकलंही. धूर निघाला तर म्हणून विचारलं. मी म्हटलं, निघू दे."

धाकट्यांनी कपाळावर हात मारला. मुकादम नाक शिंकरण्यासाठी पाठमोरा झाला.

"का पण, मामा? दोघींना शेजारी कशाला?" छकुलीने विचारले, आणि दादांनी तिचा शेरा, तिच्या आईचे मन आणि सूनबाईंचे हसू यांची सर्व साखळी तिला भर रस्त्यात उलगडून सांगितली.

ताईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. "म्हणजे माझ्या मुलीची सही मिळावी म्हणून मला जेवायला बोलावलंस?"

"आणि म्हणून मी सकाळपासून चुलीशी राबले," सूनबाई म्हणाल्या. "मला म्हणाले, निम्मं हस."

"निम्मं?" ताई त्यांच्याकडे वळल्या. "मला फोनवर म्हणाला, वहिनी रोज तुझी आठवण काढून रडते."

"मी? रडते?" सूनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "वन्सं, मला म्हणाले, शालीबद्दल तुमची चूक झाली असं तुम्ही कबूल केलंय."

"मी कबूल केलं?"

"म्हटलं नाही मी तसं..." दादा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकाच श्वासात म्हणाल्या, आणि त्यांनी एकमेकींकडे पाहिले. मग ताईंनी बांधावरची धूळ पदराने झटकली आणि "बस," असे सूनबाईंना म्हटले. सूनबाई बसल्या. दोघींनी शेजारी शेजारी बसून दादांविषयी जे बोलण्यास प्रारंभ केला, त्यातील प्रत्येक शब्द दादांपर्यंत पोहोचत होता. अबोला सुटावा ही त्यांची इच्छा फलद्रूप झाली होती. इतकी व्हावी असे मात्र त्यांनी इच्छिले नव्हते.

छकुलीने आपल्या गाडीच्या टपावर कागद ठेवून आदेश लिहिला आणि मोठ्याने वाचला. काम बंद. ज्या दिवशी प्रत्येक भांड्यावर खरे नाव व धोक्याची खूण लागेल, हातमोजे कपाटातून हातांत येतील, आणि ऍसिड व ब्लीच हे मध्ये भिंत असलेल्या, खिडक्यांच्या वेगवेगळ्या खोल्यांत जातील, त्या दिवशी ती पुन्हा तपासून काम सुरू करू देईल.

"आणि जेवण?" जावईबापूंनी क्षीण स्वरात विचारले.

"जेवण त्याच इमारतीत आहे, बाबा. हवा पूर्ण शुद्ध होईपर्यंत वर कुणी जायचं नाही."

"नुसतं एक पातेलं जरी दोरीनं खाली..."

"नाही."

जावईबापूंनी आयुष्यात प्रथमच कुणाशी तरी असहमती दर्शविली. परंतु ती मनातल्या मनात.

दादा आदेशावर सही करून म्हणाले, "छकुले, म्हणजे निरीक्षक, हे सगळं आजच केलं तर? कापड संध्याकाळपर्यंतच टिकेल गं."

"आज केलंत तर आज तपासते. मी इथंच आहे. पण वेगळ्या खोल्या कुठून आणणार?"

खाली कोठी सोडून खिडकी असलेल्या खोल्या दोनच होत्या. एकीत धाकटे दुपारी हिशोब तपासण्यास म्हणून जात आणि घोरत. दुसरी दादांची कचेरी.

"माझी खोली देणार नाही," धाकट्यांनी तत्काळ जाहीर केले. "कायदा एवढाही कडक नसावा."

"का? मघाशी कायदा म्हणजे कायदा होता ना?" सूनबाई बांधावरून म्हणाल्या. "मला तीच खोली हवी. पूर्वेला खिडकी आहे."

"आणि मला थोरल्याची कचेरी," ताई म्हणाल्या. "लग्न होऊन गेल्यापासून या घरात मला एक खुंटीसुद्धा नाही. आज सरकारनं खोली दिली आहे. मी सोडत नाही."

"ताई, ती खोली तुला नाही, ऍसिडला आहे."

"माझ्या बापाला त्यात फरक वाटला नाही, तुला कुठून वाटायला लागला?"

हवा निवळल्यावर छकुलीच्या परवानगीने सारे आत शिरले. हातमोजे बाहेर आले, आणि ते इतके कोरे होते की कामगार प्रथम त्यांत हात घालण्यास लाजले. सूनबाईंनी रंगाचा डबा घेतला आणि खडूची नावे पुसून त्यांच्या जागी खरी नावे टपोऱ्या अक्षरांत रंगवावयास घेतली. ऍसिडच्या कॅनावर हात पोळल्याचे चित्र काढावे लागते, असे छकुलीने सांगताच ताई डोकावून म्हणाल्या, "एवढंसं काय काढतेस? लांबून दिसलं पाहिजे. मोठं काढ." धाकट्यांची चटई, उशी आणि उशीखालची बाटली कामगारांनी मोठ्या अदबीने व्हरांड्यात नेऊन ठेवली, आणि धाकटे बाटलीच्या रखवालीस म्हणून तिच्यापाशी बसले.

दादांनी कचेरी स्वतः रिकामी केली. वह्या, शाईचे डाग पडलेले टेबल, तीर्थरूपांची तसबीर. सर्वांत शेवटी उरली ती वडिलांची लाकडी खुर्ची. तिच्यावर बसून वडिलांनी रंगाईखाना चालविला, तिच्यावर बसण्यासाठी दादा आणि धाकटे वर्षानुवर्षे एकमेकांशी लढले होते. दादांनी ती छातीशी धरून बाहेर आणली आणि हौदांसमोर, दरवाज्याच्या तोंडाशी, जिथून सर्व काही नजरेत राहील अशा जागी मांडली. मुकादम बांबू हातात धरून वाट पाहत होता. हिरवे कापड अजून शाबूत होते. दादा खुर्चीत बसले आणि त्यांनी एक दीर्घ निःश्वास सोडला. कारखाना वाचत होता. कचेरी गेली तर गेली, मालकाची खुर्ची तर होती!

छकुली हातात मोजमापाची फीत घेऊन दोन्ही खोल्या, खिडक्या आणि भिंती पाहून आली. तिने कागदावर एकेक खूण केली. शेवटची खूण करण्यासाठी उचललेले पेन मात्र अधांतरी राहिले.

"मामा."

"काय गं, निरीक्षक?"

"ती खुर्ची संकटकाळी पळायच्या वाटेत आहे. उठा."